सीमाभागातील पक्षाघात नोंदणी : रुग्ण पाच वर्षे नजरेआड होऊ नये म्हणून

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका धर्मादाय रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांचा आहे. पक्षाघाताच्या रुग्णांचे गेल्या काही वर्षांतील केसपेपर त्यांनी नीट जपून ठेवले आहेत. या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला तर त्याला लोकसंख्याधारित नोंदणी म्हणता येईल का, आणि घरी गेलेला रुग्ण इतकी वर्षे हाताशी ठेवायचा कसा, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते नाही का, हे उलगडल्याशिवाय दुसऱ्याकडे वळता येत नाही. आपल्याकडचे केसपेपर आपल्या दारापर्यंत पोहोचलेल्या माणसांचे आहेत. जो पक्षाघाताचा झटका आल्यावर दोन तासांत गेला, ज्याला घरच्यांनी परस्पर बेळगावला किंवा गोव्याला नेले, ज्याचा हात दोन दिवसांत हलू लागला म्हणून जो कोठेच गेला नाही, ज्या ऐंशीच्या आजीला ‘आता या वयात कुठे हलवायचं’ म्हणून घरीच ठेवले, त्यांच्यापैकी एकाचाही कागद आपल्या कपाटात नाही. म्हणजे अतिगंभीर, अतिसौम्य, अतिवृद्ध आणि ऐपतदार असे चारही प्रकारचे रुग्ण गाळून जे उरले, त्यांचा पाच वर्षांचा इतिहास आपण लिहिणार. तो निरुपयोगी नाही. आपल्या रुग्णालयातील उपचारांचा दर्जा तपासायला तो चांगला आहे. पण ‘या तालुक्यात पक्षाघातानंतर पाच वर्षांनी किती जण जिवंत असतात’ या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळणार नाही.

लोकसंख्याधारित नोंदणीची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी भूभाग ठरतो, तेथे राहणारी माणसे मोजली जातात, आणि ठरलेल्या काळात त्यांच्यापैकी ज्या कोणाला झटका येईल त्याची नोंद होते, मग तो उपचाराला कोठेही जावो किंवा कोठेच न जावो. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी व्याख्या या कामाला अजूनही सोयीची पडते : मेंदूच्या एखाद्या भागाचे किंवा सगळ्या मेंदूचे काम झपाट्याने बिघडल्याची लक्षणे, ती २४ तासांपेक्षा जास्त टिकलेली किंवा त्याआधीच मृत्यू ओढवलेला, आणि रक्तवाहिनीच्या दोषाखेरीज दुसरे कारण न दिसणारे. या व्याख्येला स्कॅनची अट नाही, त्यामुळे स्कॅन न झालेला माणूस नोंदणीतून बाद होत नाही. त्याच्या झटक्याचा प्रकार ‘अनिश्चित’ राहतो, इतकेच. मात्र स्कॅन केव्हा काढला याची तारीख नोंदवायला विसरू नये. मेंदूतील छोटा रक्तस्राव काही आठवड्यांनी सीटी स्कॅनमध्ये ओळखू येईनासा होतो, आणि उशिरा काढलेल्या फिल्मवरून तो गुठळीचा झटका म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते.

ऑक्सफर्डमध्ये २००२ पासून सुमारे ९० हजार लोकांवर अशी नोंदणी चालू आहे. दक्षिण लंडनची १९९५ पासून आणि फ्रान्समधील दिजों शहराची तर १९८५ पासून. ऑक्सफर्डच्या नोंदणीतूनच हे सिद्ध झाले, की लहान झटका येऊन गेलेल्या रुग्णाची तपासणी आणि औषधे तातडीने सुरू केली, तर पुढील ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येते. केवळ रुग्णालयाच्या कागदांतून हे दिसले नसते, कारण असे रुग्ण दाखल होतातच असे नाही. पण त्यांचे अनुकरण करताना एक फरक लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या कुटुंबडॉक्टरच्या यादीत असतो, त्यामुळे लोकसंख्या आणि दवाखान्याची वही या दोन गोष्टी आधीच जोडलेल्या असतात. आपल्याकडे ही जोडणी आपल्यालाच करावी लागते.

भारतात मुंबई, कोलकाता, त्रिवेंद्रम आणि लुधियाना येथे हे काम झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बंगळूर येथील रोग-माहिती केंद्राने कटक, तिरुनेलवेली, वाराणसी, कछार आणि कोटा अशा पाच ठिकाणी लोकसंख्याधारित पक्षाघात नोंदणी उभी केली. या पाचांत कर्नाटक किंवा महाराष्ट्रातील ठिकाण नाही. बेळगावला ही कल्पना मात्र परकी नाही. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने आसपासच्या गावांत गरोदर मातांची लोकसंख्याधारित नोंदणी बऱ्याच वर्षांपासून चालते आणि प्रत्येक मातेचा प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत पाठपुरावा होतो. ती पद्धत जवळून पाहून घ्यावी. पण गरोदरपण आशाताईंना आधी महिनोन् महिने ठाऊक असते, झटका काही आगाऊ वर्दी देत नाही, आणि ४२ दिवस सांभाळणे वेगळे, पाच वर्षे सांभाळणे वेगळे.

आता आकाराचा हिशेब. त्रिवेंद्रमच्या नोंदणीत वयानुसार समायोजित केलेले (म्हणजे लोकसंख्येच्या वयोरचनेतला फरक वजा करून काढलेले) झटक्यांचे प्रमाण लाखामागे वर्षाला शहरात १३५ आणि ग्रामीण भागात १३८ आले होते. हाच आकडा ढोबळपणे धरला तर २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७ लाख ८० हजार लोकसंख्या असलेल्या बेळगाव जिल्ह्यात वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास झटके येतात. इतक्यांच्या घरी जाणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. दीड लाख लोकसंख्येचा सलग टापू घेतला तर वर्षाला दोनशेच्या आसपास रुग्ण मिळतील, आणि तीन वर्षे नोंदणी केल्यास पाच वर्षांचा पाठपुरावा अर्थपूर्ण ठरण्याइतकी संख्या होईल. हा टापू निवडताना आपल्या रुग्णालयाचे ‘कार्यक्षेत्र’ धरू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दी धराव्यात, कारण त्या हद्दीत आशाताईंकडे घराघराची यादी असते, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई असते, आणि २०११ ची जनगणना आता छेद (म्हणजे ज्या एकूण लोकसंख्येने रुग्णसंख्येला भागायचे तो आकडा) म्हणून वापरण्याइतकी ताजी राहिलेली नाही. घरांची मोजणी एकदा स्वतः करून घ्यावी आणि दर वर्षी तिच्यात जन्म, मृत्यू, लग्ने व स्थलांतरे भरत जावीत. छेद चुकला तर पुढचे सगळे गणित बिघडते, हे नवख्यांना पटवायला वेळ लागतो, कारण छेदात रुग्ण दिसत नाहीत.

येथपर्यंतचे कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल. सीमाभागाची अडचण पुढे आहे, आणि माझ्या मते या प्रकल्पाचे यशापयश तिच्यावरच ठरेल.

आपल्या भागातला रुग्ण राज्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाही. निपाणीकराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते, त्यामुळे तेथील रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तिथल्या खासगी दवाखान्यांत जातो. अथणी, रायबागकडच्या लोकांचे पाय पिढ्यान् पिढ्या मिरजेकडे वळलेले आहेत. जांबोटी, कणकुंबीकडच्या कित्येक घरांतला एखादा तरी मुलगा गोव्यात कामाला असतो, आणि वडिलांना झटका आला की तो चोर्ला घाटातून त्यांना बांबोळीला, गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, घेऊन जातो. उलट दिशेने महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातील माणसे बेळगावात येतात. बाची आणि शिनोळी ही गावे एकमेकांना लागून असली, तरी एक कर्नाटकात आणि दुसरे महाराष्ट्रात आहे, आणि दोन्हीकडचा रुग्ण बेळगावच्या एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर असू शकतो. त्यात २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ ८६५ सीमागावांना देण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी कितपत झाली हा निराळा विषय. पण आपल्या रुग्णाचा कागद कोणत्या राज्याच्या योजनेच्या फाइलमध्ये असेल, हे आता गृहीत धरता येत नाही.

म्हणून दोन नियम लेखी ठरवून घ्यावेत. पहिला वास्तव्याचा : झटका आला त्या दिवशी तो माणूस निवडलेल्या टापूचा रहिवासी होता का? बऱ्याच कार्यक्रमांत किमान एक वर्षाच्या वास्तव्याची अट असते. चंदगडची आई झटका आल्यानंतर लेकीकडे बेळगाव तालुक्यात राहायला आली, तर ती आपल्या नोंदणीत येत नाही, मग तिची शुश्रूषा आपल्या डोळ्यांदेखत होत असली तरी. याउलट आपल्या टापूतील गृहस्थ झटक्यानंतर मुलाकडे पुण्याला गेले, तर त्यांचा पाठपुरावा पुण्यात करावा लागतो. ते ‘बाहेरगावी गेले’ म्हणून वहीतून उडवता येत नाहीत. गोव्यात आठ महिने काम करून पावसाळ्यात गावी येणारा माणूस कोणाचा, याचा निर्णय पहिला रुग्ण येण्याआधी व्हायला हवा, कारण रुग्ण समोर आल्यावर आपण आपल्याला सोयीचा निर्णय घेतो. दुसरा नियम शोधाचा : बेळगावातील जिल्हा रुग्णालय आणि डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, कोल्हापूर, मिरज आणि बांबोळी येथील मोठी रुग्णालये, आणि या प्रत्येक ठिकाणची सीटी स्कॅन केंद्रे यांच्याकडून ठरावीक काळाने आपल्या पिनकोडांतील नोंदी पाहण्याची परवानगी नोंदणी सुरू होण्याआधी मिळवावी. सीटी स्कॅनची वही ही सर्वांत फायद्याची. वॉर्डाची नोंद हरवते, पण स्कॅनचे पैसे कोणी ना कोणी घेतलेले असतात आणि त्याची नोंद सहसा जात नाही.

रुग्णालयांबाहेरचे झटके शोधायला गावातलीच माणसे लागतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांची नावे सगळेच घेतात. मी त्यांत फिजिओथेरपिस्ट, रक्तदाब तपासून देणारा औषध दुकानदार आणि लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणारा माणूस यांची भर घालीन. शेवटच्याविषयी डॉक्टर मंडळी नाक मुरडतात. पण ज्या घराने दवाखाना पाहिला नाही, त्या घराने बहुधा त्याचा उंबरठा ओलांडलेला असतो, आणि त्याच्याशी न भांडता बोलले तर आपल्या यादीत नसलेली नावे तो सहज सांगतो. विचारताना ‘पक्षाघात’ म्हटल्यास खेड्यात चटकन कळत नाही. ‘लकवा’ मराठी-कन्नड दोन्ही घरांत चालतो आणि ‘अंगावरून वारं गेलं का’ असे विचारले की म्हातारी माणसे स्वतःहून चार नावे जोडतात. त्यांत चेहऱ्याच्या नसेचा साधा लकवाही येणार, तो डॉक्टरने वेगळा काढायचा.

शोध किती पुरा झाला हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. समजा, रुग्णालयांच्या यादीत १२० नावे आली, गावांच्या यादीत ९०, आणि ६० नावे दोन्हींत आहेत. १२० आणि ९० यांचा गुणाकार ६० ने भागला तर एकूण अंदाज १८० येतो. आपल्या हातात वेगवेगळी नावे १५० आहेत, म्हणजे तीसेक निसटले. हा अंदाजही थोडा कमीच असतो, कारण गावात ज्याचा बोलबाला झाला तोच रुग्णालयातही गेलेला असण्याची शक्यता जास्त असते. तरीही दर सहा महिन्यांनी हे गणित करावे. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तफावत वाढू लागली, तर तेथे कर्मचारी बदललेला आहे किंवा त्याचे फिरणे बंद झाले आहे, असे खुशाल समजावे.

या याद्या जुळवणे हे वाटते त्याहून किचकट काम आहे. एकच बाई माहेरच्या नावाने रेशनकार्डावर, सासरच्या नावाने आधारवर आणि मुलाने घाईत सांगितलेल्या हाकेच्या नावाने बांबोळीच्या केसपेपरवर असते. कन्नडमध्ये लिहिलेले मराठी आडनाव इंग्रजीत जाऊन परत मराठीत आले की निराळेच होते. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि जवळपास एकाच वयाचे तीन पाटील सहज असतात. त्यामुळे नाव हा जुळवणीचा एकमेव आधार ठेवू नये. गाव, गल्ली, घरातील कर्त्या माणसाचे नाव, झटक्याची तारीख आणि लकव्याची बाजू, या पाचांपैकी चार जुळल्याखेरीज दोन नोंदी एक करू नयेत, आणि शंका असेल तर आशाताईंना फोन लावावा. कोणतेही सॉफ्टवेअर हा फोन वाचवत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. रुग्ण पाच वर्षे हाताशी राहील की नाही, हे मुख्यतः पहिल्याच भेटीत ठरते. त्या दिवशी रुग्णाचा एकच मोबाइल क्रमांक लिहून घेतला असेल, तर दोन वर्षांनी तो बंद असणार. किमान चार क्रमांक घ्यावेत : घरातला एक, बाहेरगावच्या मुलाचा किंवा मुलीचा एक, शेजाऱ्याचा एक, आणि घराबाहेरच्या अशा माणसाचा, ज्याच्याशी त्या घराचा रोज संबंध येतो. तो बहुतेक ठिकाणी दूध डेअरीचा माणूस असतो. घराची खूण नकाशावरच्या बिंदूपेक्षा शब्दांत लिहावी : ‘मारुती मंदिरापुढे डावीकडे, हातपंपासमोर, हिरवं दार.’ भीमगड अभयारण्यातील गवाळी, आमगावसारख्या वस्त्यांत मोबाइलची रेंज धरून नियोजन करू नये, आणि पावसाळ्यात तेथे जाता येईल असेही धरू नये. ज्यांची वार्षिक भेट जून ते सप्टेंबरमध्ये येते त्यांची मे महिन्यात उरकावी, आणि तसे करण्याची मुभा आधीच नियमावलीत लिहून ठेवावी.

भेटींचे वेळापत्रक २८ दिवस, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे दरवर्षी असे ठेवणे पुरेसे आहे. २८ दिवसांची भेट कधीही गाळू नये. भारतातील लोकसंख्याधारित अभ्यासांत पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण एक पंचमांशापासून चार दशांशांपर्यंत आढळले आहे, आणि देश-परदेशांशी तुलना याच आकड्यावर होते. तीन महिन्यांची भेट शक्यतो घरी जाऊन घ्यावी. त्यानंतरची फोनवर चालते, पण वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेट हवी.

प्रत्यक्ष भेट का, याचे एक उदाहरण देतो. अपंगत्व मोजायला सुधारित रँकिन श्रेणी वापरतात. ० म्हणजे काहीही त्रास नाही, ५ म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. यातील २ आणि ३ यांच्यातली रेघ अशी, की २ वरचा माणूस आपले व्यवहार कोणाच्या मदतीशिवाय पाहतो, तर ३ वरच्याला थोडी मदत लागते, पण तो स्वतः चालतो. जांबोटीच्या बाजूला एका घरी मी बसलो असताना मुलगा सांगत होता, ‘बाबांचं आता सगळं व्यवस्थित हाय, काय लागत न्हाई त्यांना.’ फोनवर याचे २ झाले असते. तेवढ्यात सुनेने न्हाणीत पाणी काढून ठेवले, धोतर घडी उलगडून दोरीवर टाकले, आणि म्हाताऱ्याला हाक मारली. जेवायला बसताना भाकरी कुस्करून ताटात आली. यातले किती त्याच्या अधू हातामुळे आणि किती सासऱ्याचा मान म्हणून, हे मुलाला वेगळे करून सांगता येत नव्हते, कारण घरात तसेच चालत आले होते. सुनेला वेगळे विचारले, की तुम्ही चार दिवस माहेरी गेलात आणि घरात दुसरे कोणी नसले तर काय होईल? ती म्हणाली, ‘आंघोळ न्हाई व्हायची, आणि गोळ्या तर न्हाईच.’ ते ३ होते. एकत्र कुटुंबात अपंगत्व असे झाकले जाते. म्हणून माहिती देणारा बदलून विचारणे हा नियमच करावा, आणि पुरुषांच्या बैठकीत मिळालेल्या उत्तरावर फॉर्म बंद करू नये.

वाचा गेलेल्या रुग्णाचा प्रश्न सीमाभागात आणखी गुंतागुंतीचा असतो. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सराईतपणे बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा सारख्याच प्रमाणात जातात किंवा परततात असे नाही. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माणसाची तपासणी एकाच भाषेत केली, तर आपण त्याला आहे त्यापेक्षा जास्त आजारी ठरवू शकतो. क्षेत्रकर्मचारी द्विभाषिक हवा, आणि कोणत्या भाषेत तपासले याचा रकाना फॉर्ममध्ये हवा. स्मृती व आकलनाच्या चाचण्यांबाबत तर जास्तच काळजी घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तयार करवून घेतलेल्या बहुभाषिक चाचणीसंचाच्या सुरुवातीच्या पाच भाषांत कन्नड होती, मराठी नव्हती. संमतिपत्र आणि फॉर्म दोन्ही लिप्यांत एकाच पानावर छापावेत. आपल्याकडे कागद कोणत्या भाषेत आहे याची चर्चा आजाराच्या चर्चेआधी होते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. ज्याच्या वतीने नातेवाइकाने संमती दिली होती तो पुढे बोलू लागला, तर त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी. फॉर्ममध्ये विडी-सिगारेटबरोबर तंबाखू आणि मशेरी वेगळी विचारावी. निपाणी परिसरात ‘धूम्रपान नाही’ या उत्तराने काहीच कळत नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत.

दुसरा झटका ओळखणे हा पाठपुराव्यातील सर्वांत निसरडा भाग. निरनिराळे अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात पुन्हा झटका येण्याचे एकत्रित प्रमाण पहिल्या वर्षात सुमारे ११ टक्के, पाच वर्षांत सुमारे २६ टक्के आणि दहा वर्षांत सुमारे ३९ टक्के आले आहे. पण ‘पुन्हा लकवा झाला’ असे घरच्यांनी सांगितलेला प्रत्येक प्रसंग झटका नसतो. तापात किंवा साखर उतरल्यावर जुन्याच बाजूची कमजोरी तात्पुरती वाढते. झटक्यानंतर सुरू झालेल्या फिटनंतर हातपाय काही तास लुळे पडतात. उलट, पहिल्या चार आठवड्यांत आलेला खरा दुसरा झटका काही व्याख्यांत मोजलाच जात नाही, कारण त्या २८ दिवसांच्या आतील बिघाड पहिल्याच झटक्याचा भाग समजतात. आपण कोणती व्याख्या घेतली ते सुरुवातीला लिहावे आणि मध्येच बदलू नये. प्रत्येक संशयित प्रसंगाची कागदपत्रे दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहावीत.

मृत्यूंविषयी एक कायदेशीर बाब आपल्या भागात फार महत्त्वाची ठरते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, माणूस मूळचा कोठला यावर नाही. म्हणजे निपाणीचा रुग्ण कोल्हापुरात गेला तर त्याची नोंद कोल्हापुरात असणार, आणि आपण कर्नाटकच्या मृत्यूनोंदी कितीही बारकाईने चाळल्या तरी तो आपल्या वहीत जिवंतच राहणार. त्यामुळे ग्रामपंचायतीची वही हा एक आधार धरून प्रत्येक घराची वर्षातून एकदा थेट चौकशी करणे भागच आहे. घरी झालेल्या मृत्यूचे कारण घरच्यांची मुलाखत घेऊन ठरवावे लागते, आणि ती मुलाखत दिवसकार्य उरकल्यानंतर पण आठवणी धूसर होण्याआधी, साधारण एक ते तीन महिन्यांच्या आत घ्यावी. खेड्यात अचानक आलेला बहुतेक प्रत्येक मृत्यू ‘हार्ट अटॅक’ असतो. बोलणे जड झाले होते का, तोंड वाकडे झाले होते का, एका बाजूला कलले होते का, उलटी आणि डोकेदुखी होती का, हे एकेक करून विचारल्यावर त्यांतले काही आपल्याकडे येतात.

निसटलेल्यांमुळे निष्कर्ष किती डळमळतो, ते कल्पित आकड्यांनी दाखवतो. २०० रुग्णांपैकी ५० पहिल्या २८ दिवसांत गेले. वर्षअखेरीस ११० जिवंत सापडले, आणखी १५ गेल्याचे कळले, आणि २५ जणांचा पत्ताच लागला नाही. ते सगळे जिवंत धरले तर वर्षभरातील मृत्यू ३२.५ टक्के, सगळे गेले असे धरले तर ४५ टक्के. एवढ्या रुंद पट्ट्यातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ अशांचा काळ शेवटच्या भेटीच्या तारखेपर्यंतच हिशेबात धरतात. पण ती रीत तेव्हाच चालते, जेव्हा निसटलेले लोक राहिलेल्यांसारखेच असतात. येथे ते तसे नसतात. पूर्ण बरा होऊन गोव्याला परत कामावर गेलेला आणि सेवा करायला कोणी नाही म्हणून लेकीकडे दुसऱ्या राज्यात नेलेला, दोघेही एकाच रकान्यात ‘संपर्क नाही’ म्हणून पडतात. वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटू लागले, तर मी नवी नोंदणी तात्पुरती थांबवून तेच मनुष्यबळ शोधाला लावीन.

एक व्यावहारिक नैतिक प्रश्नही येईल. कर्मचारी घरी गेला, रक्तदाब १९० वर ११० निघाला, आणि गोळ्यांची पिशवी मागितली तर आत तीन महिन्यांपूर्वीची रिकामी पाकिटे सापडली. नुसती नोंद करून उठायचे का? मुळीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी द्यावी, आशाताईंना त्याच वेळी कळवावे, आणि आपण हस्तक्षेप केला असे फॉर्मवर लिहावे. त्याने ‘नैसर्गिक’ वाटचाल बदलते हे खरे. पण निव्वळ पाहणाऱ्याला लोक तिसऱ्या वर्षी दार उघडत नाहीत. पिशवी मात्र प्रत्येक भेटीत मागावीच. ‘गोळ्या घेता का’ याला ‘होय’ हेच उत्तर मिळते, रिकामी पाकिटे खरे काय ते सांगतात.

आपण आता काय करावे? जुने केसपेपर बाजूला ठेवू नयेत. त्यांवर फॉर्म भरून पाहावा, म्हणजे त्यातले निरुपयोगी रकाने नोंदणीआधीच गळतील. दरम्यान खानापूर तालुक्याच्या कोणत्या भागातून रुग्ण कोठे जातात, याची महिनाभर चौकशी करावी. जांबोटी-कणकुंबीकडचा गोव्याकडे झुकलेला पट्टा पहिल्या टप्प्यात घ्यावा की नाही, हे बांबोळीहून नोंदी पाहायची लेखी परवानगी मिळते का, यावर ठरवावे. ती मिळाली नाही तर नंदगड आणि खानापूर शहराच्या बाजूच्या, मुख्यतः बेळगावकडे जाणाऱ्या गावांवर नोंदणी सुरू करावी आणि पश्चिमेची गावे परवानगीनंतर जोडावीत, छेदही त्याप्रमाणे बदलावा. नैतिकता समितीकडे अर्ज करताना पाच वर्षांच्या पाठपुराव्याची संमती सुरुवातीलाच मागावी, ओळख पटवणारी माहिती वैद्यकीय माहितीपासून वेगळ्या कुलपात ठेवण्याची तरतूद दाखवावी, आणि अंदाजपत्रकात चौथ्या-पाचव्या वर्षाच्या क्षेत्रकर्मचाऱ्यांचा पगार व पेट्रोल यांची रक्कम पहिल्या वर्षाच्या यंत्रसामग्रीतून कापून का होईना, वेगळी राखून ठेवावी. देणगीदाराला संगणक द्यायला आवडतो. पाचव्या वर्षाचा पगार द्यायला त्याला राजी करण्याचे काम आपल्या विश्वस्तांनी आतापासूनच हाती घ्यायला हवे.